माझ्या आईची ती रात्र : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

मी गोव्यात, डिचोलीला राहतो. माझी आई ८४ वर्षांची आहे. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून तिचे देवळात जाणे आणि जत्रेतले नाटक पाहणे बंद झाले, आणि संध्याकाळच्या मराठी मालिका एवढाच तिचा विरंगुळा उरला. दीड महिन्यापूर्वी एका खासगी मराठी वाहिनीने आपल्या मालिकांचा पुरस्कार सोहळा दाखवला. एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा त्यात जीवनगौरव होणार, असे पंधरा दिवस प्रोमोतून सांगितले जात होते. आई या बाईंचे काम वर्षानुवर्षे पाहत आली आहे. त्या रात्री तिने जेवण लवकर उरकले, चांगले लुगडे नेसली आणि सव्वाअकरापर्यंत आरामखुर्चीत ताठ बसून राहिली. बाई आल्या, त्यांच्या खांद्यावर शाल पडली, त्या माइकजवळ गेल्या आणि त्यांनी तोंड उघडले तोच जाहिरात लागली. जाहिराती संपल्या तेव्हा पडद्यावर नाच सुरू झालेला होता. ‘ती काय बोलली रे?’ असे आई मला झोपेपर्यंत विचारत होती.

नऊ ते दहा या तासात मी घड्याळ लावून मोजले. २३ मिनिटे जाहिराती होत्या. केबल दूरचित्रवाणीच्या आपल्याच नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि त्या बारांत वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची दोन मिनिटेही धरलेली आहेत. मी वाहिनीकडे लेखी तक्रार केली. २०२१ च्या दुरुस्तीने आपल्या सरकारने प्रेक्षकाला वचन दिले आहे की अशा तक्रारीची पोच २४ तासांत मिळेल आणि निर्णय १५ दिवसांत कळेल. आज ४१ वा दिवस आहे आणि माझ्या हाती साधी पोचही नाही. जो नियम कोणी पाळत नाही आणि जो मोडल्याबद्दल कोणाला विचारले जात नाही, तो लिहिलाच कशासाठी?

त्या सोहळ्यात आवडती सून, आवडती सासू, आवडती जोडी आणि आवडते कुटुंब असे सारे पुरस्कार झाले. लेखकाला मात्र मंचावर बोलावलेले मी पाहिले नाही. मालिका वाहिनीच्या, मंच वाहिनीचा आणि गौरवही वाहिनीनेच करायचा, याला आपल्याच हाताने आपल्या पानात वाढून घेणे म्हणतात. ज्या मालिकांचा हा गौरव झाला, त्यांतल्या एकीत सून जिन्यावरून पडली आणि ते पडणे तीन दिवस चालले. घरातल्या प्रत्येकाचा चेहरा ढगांच्या गडगडाटात तीन-तीनदा दाखवला गेला. दुसरीत गेल्या वर्षी मेलेला मुलगा नवा चेहरा घेऊन परत आला. ‘याचे तेरावे झाले होते ना?’ असे आईने विचारले, तेव्हा तिला आपल्याच आठवणीची शंका येऊ लागली होती. तिचा तो भांबावलेला चेहरा मला अजून सोसवत नाही.

मंत्रिमहोदय, आपल्याच खात्याचे एकेकाळचे मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिकोतल्या मालिका पाहून जी कल्पना उचलून धरली, तिच्यातून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि दीडशेहून थोड्याच अधिक भागांत संपली. कथा संपली की मालिका संपते, हे तेव्हा कळत होते. १९९९ मध्ये ‘आभाळमाया’ आली, तेव्हा मराठी घरातली नोकरी करणारी बाई आम्हांला पडद्यावर माणूस म्हणून भेटली. आता कथेचा धनी लेखक नाही. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते पाहून गोष्ट वळवली जाते. हे आकडे येतात कुठून? आपल्याच मंत्रालयाच्या २०२५ च्या सांगण्यानुसार देशातल्या २३ कोटी टीव्हीच्या घरांमागे काय पाहिले जाते ते नोंदणारी मीटर सुमारे ५८ हजार, म्हणजे ०.०२५ टक्के, त्यातही गोवा महाराष्ट्राच्याच गटात धरला जातो. आम्ही इथे काय पाहतो, कशाला कंटाळलो, याची वेगळी ओळसुद्धा त्या तक्त्यात नाही, आणि तरीही प्रेक्षकांना हेच हवे असते, असे आम्हांलाच ऐकवले जाते.

चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार १९५४ पासून आहेत. आमच्या पणजीत भरणाऱ्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ पासून वेब मालिकेलाही पुरस्कार मिळतो; २०२४ मध्ये तो मराठी ‘लंपन’ला मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. मग रोज संध्याकाळी ज्या मालिका घराघरात लागतात, त्यांच्या लेखकासाठी, दिग्दर्शकासाठी आणि वृद्ध कलावंतांसाठी वाहिन्यांशी संबंध नसलेल्या परीक्षकांचा एक पुरस्कार त्याच इफ्फीत का असू नये? तो सुरू करावा आणि १२ मिनिटांचा नियम मोडणाऱ्यांवर कारवाई करावी, एवढेच माझे मागणे आहे.

माझ्या तक्रारीची प्रत आणि त्या रात्री मिनिटे मांडलेला वहीचा कागद सोबत जोडला आहे. त्या बाई काय बोलल्या, ते वाहिनीकडून मिळवून द्यावे. आईला वाचून दाखवायचे आहे.

आपला,
डिचोलीतील एक प्रेक्षक