शलमोनाचे राज्य राण्यांमुळे नव्हे, वेठीमुळे फुटले

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन इस्राएलच्या राजांवर आलेला लेख आवडीने वाचला. शौल, दावीद, शलमोन यांच्यावर मराठी वर्तमानपत्रात एवढा मजकूर क्वचितच येतो, त्याबद्दल लेखकाचे आणि आपलेही आभार. मात्र लेखाचा सगळा भार एकाच कारणावर टाकला आहे. शलमोनाने परदेशी राण्या केल्या, त्यांनी त्याला परक्या देवांच्या नादी लावले आणि म्हणून राज्य दुभंगले. शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे आहेच. त्यातल्या ‘राजे’च्या पहिल्या पुस्तकाचा अकरावा अध्याय ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी मोजून हेच सांगतो. पण त्याच्या पुढचा बारावा अध्याय लेखकाने दोन ओळींत उरकला आहे. माझी तक्रार तिथे आहे.

शलमोन वारल्यावर त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेम गावी गेला. तिथे जमलेल्या लोकांनी एकच गाऱ्हाणे घातले. तुझ्या बापाने आमच्या मानेवर जड जू ठेवले, ते हलके कर, मग आम्ही तुझी चाकरी करू. या मागणीत मूर्तींचा उल्लेख नाही, राण्यांचा तर नाहीच. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. बापाच्या वेळचे जुने मंत्री म्हणाले, आज नमते घे, लोक जन्मभर तुझे राहतील. बरोबरीच्या पोरांनी उलटे भरवले आणि याला तेच पटले. बापाने चाबकांनी फोडले, मी विंचवांनी फोडीन, असे तो भर सभेत बोलला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा वंश तिथून उठून गेले ते गेलेच. ही फाळणी इ.स.पू. ९३० च्या सुमाराची मानतात.

याच्या पुढची एक ओळ सहसा कोणी सांगत नाही. लोक बिथरल्यावर रहबामाने त्यांच्याकडे माणूस पाठवला तो अदोराम, म्हणजे वेठबिगारीच्या खात्याचा मुख्य. ज्या खात्यावर लोक खवळलेले, त्याचाच अंमलदार! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा कसाबसा रथात चढून यरुशलेमला पळाला.

या अदोरामाचा माग मागे काढत गेलो की लेखातले चित्र बरेच बदलते. शलमोनाच्या अधिकाऱ्यांच्या यादीत तो ‘अदोनीराम’ म्हणून आहे, काम तेच. त्याच्याही मागे, ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, दावीदाच्या अधिकाऱ्यांतही वेठीवर अदोरामच आहे. तिन्हीकडे माणूस एकच असेल तर शखेमला तो चांगलाच म्हातारा असणार. एक असो वा नसो, खाते मात्र दावीदाच्या अमदानीतच उघडलेले होते. लेखात दावीदाला बथशेबा या परस्त्रीच्या प्रकरणापुरता दोष देऊन बाकी सगळे माफ केले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

शलमोनाने या खात्याचा पसारा किती वाढवला त्याचे आकडे शास्त्रातच आहेत. लबानोनात लाकूडतोडीसाठी ३०,००० माणसे, पाळीपाळीने दहा-दहा हजार. एक महिना लबानोनात, दोन महिने घरी. शिवाय ७०,००० ओझेवाले आणि डोंगरात ८०,००० पाथरवट. देवाचे मंदिर सात वर्षांत उभे राहिले, राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा वर्षे लागली. मुदपाकखान्याचा रोजचा खर्च ३० कोर (धान्याचे जुने माप) सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले बैल, २० कुरणातले बैल आणि १०० मेंढरे, हरणे आणि पक्षी वेगळे. देशाचे बारा भाग पाडून प्रत्येकावर वर्षातला एक महिना हे पुरवण्याची जबाबदारी टाकलेली. एवढे करून सोरच्या हीराम राजाला गालीलातली वीस गावे द्यावी लागली. तो ती पाहायला आला आणि नाक मुरडून गेला.

नववा अध्याय म्हणतो की शलमोनाने वेठीला धरले ते उरल्यासुरल्या कनानी लोकांना, इस्राएलींना दास केले नाही. पाचवा अध्याय मात्र ही माणसे ‘सर्व इस्राएलातून’ घेतल्याचे सांगतो. शास्त्राने दोन्ही ठेवले आहे आणि टीकाकार त्यावर भांडत आले आहेत. मी शखेमच्या जमावाच्या बाजूने आहे. दहा वंशांचा पहिला राजा यराबाम हाही मुळात योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर नेमलेला मुकादमच. बंड कुठून उठले हे आणखी कोणत्या शब्दांत सांगायचे?

उतरती कळा कशी दिसते तेही पाहा. शलमोनाने सोन्याच्या ५०० ढाली करून वाड्यात ठेवल्या होत्या. रहबामाच्या पाचव्याच वर्षी मिसरचा (इजिप्तचा) राजा शीशक चालून आला आणि त्या घेऊन गेला. रहबामाने त्या जागी पितळेच्या करवल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या मिरवत नेत आणि परत चौकीत ठेवून देत. थाट तसाच, धातू बदललेला.

लेखकाची बाजूही समजते. ‘राजे’चा लेखक प्रत्येक राजाला पूजाअर्चेच्याच तराजूत तोलतो. दहा वंशांच्या राज्यातल्या अम्रीसारख्या बलाढ्य राजाची तो मोजक्या ओळींत बोळवण करतो. अश्शूरी लोक मात्र त्याच्यामागे कितीतरी वर्षे त्या देशाला अम्रीच्या नावाने ओळखत होते. पण संदेष्ट्यांचा हिशेब निराळा आहे. संदेष्टा एलीया अम्रीचा मुलगा राजा अहाब याच्या समोर उभा ठाकतो तो बआल या परक्या देवावरून, तसाच नाबोथाच्या मळ्यावरूनही. भाजीच्या बागेसाठी राजाला ती जमीन हवी होती आणि वाडवडिलांची जमीन नाबोथ विकेना. खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारले. पुढे यरुशलेमचा राजा यहोयाकीम याने गंधसरूची तक्तपोशी आणि हिंगुळी रंगाचा वाडा बांधला, तेव्हा संदेष्टा यिर्मया याने त्याला झोडपले ते शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेतो म्हणून. शलमोनापासून तीनशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी खोड तीच! त्याच दमात यिर्मया त्याला बापाचे, योशीयाचे उदाहरण देतो. योशीयाची ख्याती मूर्ती फोडल्याची. पण इथे यिर्मया त्याचा अक्षरही काढत नाही. तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, मला ओळखणे ते हेच, असे तो देवाच्या वतीने म्हणतो. लेखमालेच्या पुढच्या भागात यिर्मयाचा हा बाविसावा अध्याय घ्यावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक

ता. क. : लेखाच्या चौकटीत शोमरोन, म्हणजे दहा वंशांच्या राज्याची राजधानी, बाबिलोनी लोकांनी पाडल्याचे छापले आहे. इ.स.पू. ७२२ मध्ये ते अश्शूरी लोकांनी घेतले. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने पाडले ते यरुशलेम, इ.स.पू. ५८६ मध्ये. कृपया दुरुस्ती छापावी.