पालकमंत्री महोदय, उपयोग नाही. तरीही ती खोली हवी आहे

माननीय पालकमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपण आमच्या दुर्बीण कार्यशाळेत आला होता. अर्धवट घासलेला आरसा आपण हातात घेतला, त्याच्या खोलगटपणावरून बोट फिरवले आणि नंतर भाषणात सर्वांसमोर शब्द दिला की सरकारी इमारतीतली ही खोली या कामासाठी कायम राहील. परवा त्याच खोलीच्या दारावर नोटीस लागली. आठ दिवसांत खोली रिकामी करा, तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका होणार आहे. कारण एका ओळीचे: या उपक्रमातून रोजगारनिर्मिती होत नाही.

कारण खरे आहे. इथे येणाऱ्यांपैकी कोणालाही आरसा घासल्यामुळे नोकरी लागलेली नाही आणि लागणारही नाही. निवृत्त एसटी कंडक्टर येतात, शिवणकाम करणाऱ्या बाई येतात, आठवीतल्या मुली येतात. सगळे आपल्या हौसेने, आपल्या वेळात येतात. पण नोटीस लिहिणाऱ्याने या खोलीत काय चालते ते एकदाही पाहिलेले नाही. म्हणून आधी ते सांगणे भाग आहे.

सहा इंची म्हणजे 150 मिलिमीटर व्यासाच्या, साधारण 25 मिलिमीटर जाडीच्या दोन गोल काचा घ्यायच्या. टफन्ड काच चालत नाही; तिच्यात ताण कोंडलेला असतो आणि घासता घासता ती फुटते. एक काच वाळूने भरलेल्या जड पिंपावर ठोकळ्यांत पक्की बसवायची, हे टूल. दुसरी तिच्यावर ठेवायची, हा दुर्बिणीचा होणारा आरसा. मध्ये अर्धा चमचा 80 नंबरची कार्बोरंडम, म्हणजे काच घासणारी कठीण पूड आणि थोडे पाणी. वरची काच पुढेमागे सरकवायची, हातातल्या हातात थोडी फिरवायची आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. वरची काच कडेबाहेर गेली की तिच्या मध्यावर आणि खालच्या काचेच्या कडेवर दाब येतो. त्यामुळे वरची मध्यात खोल होत जाते, खालची फुगीर. पूड नवी असते तेव्हा करकर आवाज येतो. तीन-चार मिनिटांत तो मऊ पडला की कण झिजले, धुऊन नवी पूड घ्यायची.

इथे कोणतेही यंत्र नाही, तरी आकार अचूक गोलाचा येतो. दोन पृष्ठभाग कसेही सरकवले, कसेही फिरवले, तरी सर्वत्र एकमेकांना टेकून राहतील असा आकार गोलाचाच असतो. उंच राहिलेला भाग आपोआप जास्त घासला जातो. हे कळते तेव्हा आठवीतल्या मुलीचा हात थांबतो आणि ती त्या काचेकडे बघत राहते. भूमितीचे हे सत्य परीक्षेत येणार नाही, हे तिला ठाऊक असते. तिला ते तरीही हवे असते.

1200 मिलिमीटर फोकल लेन्थ, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा उमटते तिथवरचे अंतर, हवी असेल तर वक्रतेची त्रिज्या त्याच्या दुप्पट, 2400 आणि मध्यातली खोली 1.17 मिलिमीटर. पट्टी आडवी धरून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी ती मोजतात. ती आली की पुढे 120, 220, 320, 500 अशी बारीक पूड. प्रत्येक टप्प्याला साधारण तासभर, आणि भिंगाखाली मागच्या टप्प्याचा एकही खड्डा दिसत नाही तोवर पुढे जायचे नाही. घाई केली तर ते खड्डे पॉलिशनंतर राखाडी ठिपके होऊन वर येतात आणि कित्येक तास मागे जावे लागते. काचेच्या काठाला दोन मिलिमीटरची तिरकी धार सतत राखावी लागते, नाहीतर काठाचे टवके उडतात आणि तेच मध्ये सापडून ओरखडे काढतात. 80चा एक कण 320च्या टप्प्यात शिरला तरी सगळे काम वाया. म्हणून प्रत्येक पुडीची बादली वेगळी, फडका वेगळा, टेबलावरचा कागद दर वेळी नवा, नखांतही कण राहू द्यायचा नाही. तो गाळ मोरीत ओतला की पाइप तुंबतो, म्हणून निवळायला वेगळे पिंप. आता तुम्हीच सांगा, हे सामान आठ दिवसांत एकाच टेम्पोत भरून कुठे न्यायचे?

यापुढचा टप्पा त्याहून नाजूक. पॉलिशसाठी राळेची, म्हणजे पिचची चकती करतात. राळ मंद आचेवर वितळवायची, उघड्या जाळावर कधीच नाही. अंगठ्याचे नख हलके दाबले की खूण उमटेल इतपतच ती कडक हवी. फार कडक असेल तर टर्पेंटाइनचे थेंब, फार मऊ असेल तर आणखी आटवणे. चकतीवर इंचभराच्या चौकटी पाडतात आणि त्या मुद्दाम मध्यापासून सरकवून पाडतात, नाहीतर आरशावर वर्तुळाकार वलये उठतात. वर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड पाण्यात कालवून, ताकाइतकी पातळ. सहा इंचाला सहा ते दहा तास. राळ ही अतिशय सावकाश वाहणारी गोष्ट आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीला गेला की ती पसरते, चौकटींमधल्या चरी बुजतात आणि आरशाची कड पडते, म्हणजे काठाशी जास्त झिजते. कड पडली की ताऱ्याभोवती प्रकाशाची धुरकट झालर दिसते आणि ती काढायला बहुधा बारीक पुडीपर्यंत मागे यावे लागते. म्हणून आत्ता पॉलिशचे काम पहाटे चालते. तीन आरसे आज त्या टप्प्यावर आहेत. त्यांच्या चकत्या भर दुपारी टेम्पोतून नेल्या तर त्या वेड्यावाकड्या होतील, आणि हे नोटिशीवर सही करणाऱ्याने कोणालाही विचारून घेतले नाही.

आणि शेवटी चाचणी. लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ती शोधली. एक बारीक छिद्र, त्यामागे दिवा, एक दाढीचे पाते. आरशापासून 2400 मिलिमीटरवर, आरशावरून परत येणाऱ्या प्रकाशाच्या बिंदूत पाते हळूच सरकवायचे. आरशावरचे उंचसखल भाग सावल्यांनी उठून दिसतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा दोषही नुसत्या डोळ्याने दिसतो. या खोलीत आलेला प्रत्येक जण एक प्रयोग करतोच. आरशाला बोट अर्धा मिनिट टेकवायचे आणि पात्यामागून बघायचे. बोटाच्या उबेने काच जिथे फुगली, तिथे टेकाड दिसते आणि काही मिनिटांत विरून जाते. काच आपल्या स्पर्शाने फुगते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे या जिल्ह्यात आहेत. मंत्री महोदय, त्यांना या खोलीने ते दाखवले.

त्यासाठीच ही लांब खोली लागते. आरसा ते पाते अडीच मीटर आणि मागे माणूस बसायला जागा. जमीन न हादरणारी, पंखा नसलेली, बंद दारांची, कारण चाचणीत हवेचा झोतही लाटांसारखा दिसतो. पॉलिशनंतर काच थंड व्हायला तासभर शांत ठेवावी लागते. शेवटी गोलाचा अन्वस्त करायचा, म्हणजे ताऱ्याचे सगळे किरण एकाच बिंदूत आणणारा आकार. त्यासाठी कडेला जो फरक पाडायचा असतो तो 0.3 मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. पाच-सहा फेऱ्या मारायच्या, थांबायचे, बघायचे. हे काम दर शनिवारी मांडून रविवारी आवरता येत नाही. "समाजमंदिरात करा" असे तुमच्या कार्यालयातून फोनवर सांगितले गेले. समाजमंदिरात बुधवारी बारसे असते आणि गुरुवारी पक्षाची बैठक.

"तयार दुर्बीण ऑनलाइन मिळते, मग घासता कशाला?" हाही प्रश्न आला. मिळते. तिच्यातून शनीची कडीही दिसते. पण तिच्या तळाशी बसलेला आरसा गोल का नाही, अन्वस्त का आहे, हे विकत घेणाऱ्याला माहीत होण्याचे कारण नसते. घासणाऱ्याला ते हाताने कळलेले असते. या कळण्यातला आनंद हेच आमचे सगळे म्हणणे आहे.

अभ्यासिकेतल्या मुलांशी आमचे काहीही भांडण नाही. त्यांना जागा हवी, चांगली हवी, भरपूर हवी. पण या राज्यात दर वेळी अभ्यासिका कशाच्या जागेवर उभी राहते, ते एकदा बघा. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत कादंबऱ्यांची कपाटे भिंतीकडे ढकलून मार्गदर्शक पुस्तकांची टेबले लागली. शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप, कारण प्रयोगाला गुण थोडे. चित्रकलेच्या तासाला गणिताची जादा शिकवणी. कोणी काही शिकायला घेतले की घरात पहिला प्रश्न "याला स्कोप काय?" आणि दारावर शेवटची नोटीस सरकारची, तोच प्रश्न विचारणारी. घरच्यांचे आम्ही समजू शकतो, त्यांच्या मागे कर्जाचे हप्ते आहेत. सरकारने तरी माणसाला फक्त पगाराच्या चिठ्ठीवरून मोजू नये.

आणि हे आजचे नाही. पुण्यात सायन्स कॉलेजच्या आवारात 1888मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. 20 इंची परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण तिथे होती. 22 जानेवारी 1898चे खग्रास सूर्यग्रहण नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून अभ्यासले. 1912मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद! दुर्बीण कोडाईकॅनॉलला रवाना झाली. तेव्हा सरकार इंग्रजांचे होते. आता आपले आहे, आणि कुलूप लावण्याची सवय तीच आहे. त्याच सुमारास, 1911मध्ये, व्यंकटेश बापूजी केतकर हे शिक्षण खात्यातले शिक्षक नेपच्यूनच्या पलीकडच्या ग्रहांचे गणित मांडून ते फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणत होते. ते गणित त्यांच्या नोकरीच्या कामाचे नव्हते. विल्यम हर्शेल बाथ शहरात संगीत शिकवून पोट भरत होता. 1781मध्ये त्याने युरेनस पाहिला तो घरी घासलेल्या, सहा इंचांहून जरासा मोठ्या आरशातून.

थांबा. ही नावे वाचून "म्हणजे यातून शास्त्रज्ञ घडतात" असे वाक्य भाषणासाठी टिपून घेऊ नका. खोली वाचवायची तर अर्जात तसेच लिहा, असे आम्हाला सुचवले गेले: विद्यार्थ्यांमध्ये कौशल्यविकास, ऑप्टिक्स उद्योगात संधी, स्टार्टअप. आम्ही ते लिहिणार नाही. ते खोटे आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईंना ऑप्टिक्स उद्योगात जायचे नाही. त्यांना चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या स्वतः घासलेल्या आरशातून बघायच्या आहेत. एवढे कारण सरकारला पुरत नसेल, तर संविधानाच्या कलम 51क मध्ये शोधक बुद्धी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून 1976पासून का लिहून ठेवले आहे? त्या कलमात नोकरीची अट कुठे आहे?

पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944पासून आहे, मुंबईत तसेच खगोल मंडळ 1985पासून. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. मोठ्या शहरांत माणसांना उगाच काही शिकण्याचा हक्क आहे आणि जिल्ह्याच्या गावाने मात्र फक्त भरतीची तयारी करायची, असा नियम कोणी केला? आणि खर्चाचे म्हणाल, तर नऊ वॅटचे दोन दिवे रोज चार तास जाळले तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट होतात. नियोजन बैठकीच्या सभागृहातला दीड टनी एसी दोन तासांत तेवढी वीज सहज घेतो. काचा, पूड, राळ, सगळे लोक स्वतःच्या पैशांनी आणतात. आरशावर ॲल्युमिनियमचा थर देण्याचा खर्चही ज्याचा त्याचा. तुमचे आहेत फक्त त्या चार भिंती आणि एक नळ.

आमच्या मागण्या अशा. नोटीस लेखी मागे घ्या. 28 फेब्रुवारीला दिलेला शब्द जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात येऊ द्या, म्हणजे पालकमंत्री बदलले तरी तो राहील. अभ्यासिकेसाठी त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा मोठा हॉल, जो जुन्या खुर्च्या आणि मोडकी कपाटे साठवायला वापरला जातो, तो उघडा. तिथे पंखे आहेत, उजेड आहे, मुले बसतील. आणि हे जमणार नसेल तर निदान पावसाळा लागेपर्यंत मुदत द्या, म्हणजे पॉलिशवरचे तीन आरसे पुरे होतील.

यातले काहीच करायचे नसेल आणि आठव्या दिवशी माणसे पाठवायचीच असतील, तर त्यांना एवढे बजावून पाठवा. टेबलावर कापडाखाली झाकलेल्या काचांच्या वरच्या बाजूला बोट लावू नये, कडेने दोन्ही हातांनी उचलावे. राळेच्या चकत्या आडव्याच न्याव्यात, उभ्या रचू नयेत, उन्हात ठेवू नयेत. लाल झाकणाच्या डब्यात 80ची पूड आहे. तो डबा वेगळ्या गाडीतून न्यावा. कोपऱ्यातल्या पिंपातला गाळ मोरीत ओतू नये.

आपले,
जिल्ह्यातील आरसे घासणारे नागरिक