दलाली देय कधी होते, ती तारीख कागदावर येऊ द्या

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

थकलेल्या दलालीसाठी दावा लावायला मुदत कायदा, 1963 प्रमाणे तीन वर्षे मिळतात. ही मुदत अपुरी आहे अशी माझी तक्रार नाही. ती कोणत्या तारखेपासून मोजायची यावरच सगळे अडते, आणि आम्हा एस्टेट एजंटांचे हक्काचे पैसे तिथेच बुडतात.

करार कायद्याचे कलम 219 म्हणते, वेगळे ठरले नसेल तर काम पुरे झाल्यावर एजंटाचा मोबदला देय होतो. पण काम पुरे झाले कधी? टोकन दिले तेव्हा, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झाले तेव्हा, की खरेदीखताला? 'दोन टक्के' तोंडीच ठरलेले असतात. 'खरेदीखत होऊ द्या, मग हिशेब करू,' असे मालक सांगत राहतो. पुढे कोर्टात त्याचाच वकील उभा राहून म्हणतो, दलाली साठेखतालाच देय झाली होती, मुदत केव्हाच संपली. मुदतबाह्य दावा तर मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे फेटाळावाच लागतो, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी.

पुण्यातल्या एका व्यवहारात मालकाने मला थोडी रोख रक्कम पाकिटात घालून दिली. 'बाकीचे दिवाळीनंतर.' मुदत संपण्याआधी असे अंशतः पैसे मिळाले की ती नव्याने सुरू होते. मात्र त्याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची नोंद लागते. ते पाकीट कोरे होते. त्या घडीला सही मागणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे, आणि हा धंदा तर ओळखीवर चालतो. दिवाळी आली, गेली. फोन उचलणे बंद झाले.

साहेब, रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली आमची नोंदणी होते, त्याखालच्या राज्य प्राधिकरणाची, म्हणजे महारेराची, परीक्षाही द्यावी लागते. तसाच दलालीचा एक पानी करार सक्तीचा करा: दर किती, देणार कोण आणि कोणत्या टप्प्यावर. जुन्या फ्लॅटची फेरविक्री रेराच्या नोंदणीत येत नाही, आणि तोंडी व्यवहार तिथेच जास्त. त्यासाठी महसूल विभागाशी बोलून दस्तनोंदणीच्या वेळी एजंटाचा तपशील आणि हा करार जोडायची सोय करावी. घेणाऱ्या-विकणाऱ्यांनाही आपण किती देणे लागतो ते आधीच कळेल. मुदत कायद्याला हातही लावावा लागणार नाही.

महारेराला तसा मसुदा करायला सांगावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नोंदणीकृत एस्टेट एजंट, पुणे