टॅबवरचे बोट कोणाचे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्करुग्णांच्या जीवनगुणवत्तेची प्रश्नावली काही रुग्णालयांत आता कागदाऐवजी टॅबवर भरून घेतली जाते आणि दोन्हींत काही फरक नाही, असे सांगितले जाते. सरासरीपुरते ते खरे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ४६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कागदावरच्या आणि पडद्यावरच्या गुणांतील सरासरी तफावत एक टक्क्याहूनही कमी भरली होती. कागदाचे फाजील कौतुक करण्यातही अर्थ नाही. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, जुनाट वेदनेच्या रुग्णांना दिलेल्या कागदी रोजनिशीत ती केव्हा उघडली जाते हे टिपणारे उपकरण दडवलेले होते, नोंदींवरच्या तारखा-वेळा पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या, प्रत्यक्षात ११ टक्केच झाल्या होत्या. (शाळेत गृहपाठाची वही आदल्या रात्री पुरी करणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.)

माझा आक्षेप वेगळा आहे. केमोथेरपी सुरू असताना माझ्या आईने ‘क्यूएलक्यू-सी ३०’ ही तीस प्रश्नांची प्रश्नावली आधी कागदावर भरली. आजारपणामुळे किंवा उपचारांमुळे आर्थिक अडचण आली का, हा त्यातला २८वा प्रश्न तिने कोरा सोडला. पुढच्या खेपेस ओपीडीत टॅब आला होता. एका वेळी एकच प्रश्न दिसे आणि उत्तर दिल्याखेरीज पुढचा येत नसे. चष्मा लावूनही आईला अक्षर लागेना, म्हणून वाचायला आणि बोट टेकवायला मी बसलो. तो प्रश्न आल्यावर तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, ‘‘अजिबात नाही, असं दाब.’’ त्याच आठवड्यात तिच्या पाटल्या मोडल्या होत्या.

कागदावरच्या कोऱ्या जागेतून निदान काहीतरी कळत होते. टॅबने तिथे खोटे उत्तर भरून घेतले. सरासरी जुळते म्हणतात तेव्हा दोन्ही वेळा उत्तर रुग्णानेच, मोकळेपणाने दिले असे गृहीत धरलेले असते. म्हणून पडद्यावर ‘उत्तर द्यायचे नाही’ हा पर्याय असावा, बोट रुग्णाचे होते की नातेवाइकाचे याची नोंद व्हावी आणि ज्याला कागद हवा त्याला तो मिळावा. आईने नंतरच्या खेपेस मागितला, तेव्हा छापील नमुने आता येत नाहीत, असे उत्तर मिळाले.

– एका रुग्णाचा मुलगा, सातारा