भरीत-पाव आणि तीन नानकटायांचा हिशोब

नाशिक,
२८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं बोलून झालंय असं आई म्हणेल. पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आई, मी सांगितलेल्यातलं निम्मं गाळून तू त्यांना सांगतेस. म्हणून पत्र. बाबा, आधी तुम्ही वाचा.

नाताळला जोडून चार दिवस सुट्टी होती, तरी मी भुसावळला आलो नाही. आई फोनवर नुसतं "बरं" म्हणाली. तिचं "बरं" काय वजनाचं असतं ते आपल्याला माहीत आहे. काम होतं असं मी तेव्हा सांगितलं, ते खोटं. मित्रांना जेवू घालायचं होतं. तिकडे आलो असतो तर आईने मला ओट्याजवळ उभंसुद्धा राहू दिलं नसतं.

दिवाळीनंतर मी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, घेतला. पहिला पाव दोन बोटं उंच झाला आणि सुरीला दाद देईना. दुसऱ्या खेपेला यीस्ट कढत पाण्यात घातलं, ते मेलं. ते जिवंत असतं, बोटाला कोमट लागेल एवढंच पाणी त्याला सोसतं. तिसऱ्या खेपेला पाणी बरोबर होतं, दहा मिनिटांत छान फेस आला, मैदा मळून झाकून ठेवला. कृतीत एक तास लिहिला होता. अडीच तास झाले तरी गोळा आपला होता तसाच, थंडगार. इथे सध्या गारठा म्हणजे गारठा आहे. निफाडकडे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा पंधरा अंश होते. (नंतर कळलं, तसाच रात्रभर ठेवला असता तरी हळूहळू फुगला असता, उलट चव जास्त मुरली असती. पण मला त्याच रात्री पाव खायचा होता.)

तेव्हा आईचं विरजण आठवलं. थंडीत तू पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचीस आणि डब्याला कुणी हात लावला की ओरडायचीस. मी ओटीजी चालू न करता आत खाली उकळत्या पाण्याचं भांडं ठेवलं, वर गोळा, आणि दार लावून टाकलं. तासाभरात दुप्पट! बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो, तसं झालं की भाजायला घ्यायचं. लगेच उसळून वर आला तर अजून थांबायचं.

तरी पाव वरून पांढराफटकच राहत होता. शेवटी आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तर डायलवर दोनशे आणि आत एकशे सत्तर. महिनाभर मी स्वतःला दोष देत होतो. आता डायल तीस अंश पुढे ठेवतो आणि गप्प बसतो.

जेवण ठरलं शरणपूरच्या मित्राकडे. बाबा, शरणपूर तुम्हाला आवडेल. मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती १८५० नंतरची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहून शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत गेला आणि लिव्हिंगस्टनचं शव घेऊन थेट इंग्लंडला पोचला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला तो हजर होता. मी इथे सहा वर्षं राहतोय, रोज त्या रस्त्याने जातो, आणि हे मला नाताळच्या दिवशी करंजी खाताना कळलं.

हो, करंजी. मित्राची आई नाताळला करंज्या, चिवडा, शंकरपाळी, सगळा फराळ करते. मी केक घेऊन मोठ्या तोऱ्यात गेलो होतो, तर समोर दिवाळीचंच ताट!

केकची गोष्ट सांगायची राहिली. मनुका, काजू, टुटीफ्रुटी आठवडाभर संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवली. रम घालू, असं दोघांचं म्हणणं होतं, पण एकाची माळकरी आई येणार होती, तेव्हा रमही नाही आणि अंडीही नाहीत. अंड्याच्या जागी दही आणि खायचा सोडा. केकचा तो काळपट रंग जळक्या साखरेचा असतो, चॉकलेटचा नव्हे. कोरड्या कढईत साखर आधी कडेने वितळते, मग मधासारखी होते, मग एकदम काळ्या चहासारखी, आणि त्याच क्षणी गॅस बंद करून गरम पाणी ओतायचं. क्षणभर उशीर झाला की कडू. पाणी पडताच कढई अशी काही तडतडते की मी पहिल्यांदा मागे सरताना कोपराने मैद्याचा डबा पाडला. मनगटावर एक डाग आहे. आई, काळजी करू नकोस, मिरीएवढा आहे.

एकाचा गुरुवारचा उपास होता, म्हणून जेवण दुपारचं संध्याकाळवर गेलं. मटण होतं, पण गुरुवारवाला आणि माळकरी मावशी काय खाणार? तिथे बाबांनी पाठवलेली बामणोदची वांगी कामाला आली. तुराट्यांचा जाळ फ्लॅटमध्ये कुठून आणू, गॅसवरच भाजली. वर निखारा ठेवून तूप सोडलं, झाकण लावलं, थोडा धूर आला. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती, वरवंट्याने ठेचलं. तुमच्या शेतातल्या भरताच्या पासंगालाही पुरणार नाही, पण नाशिककरांना काय कळतंय! सोबत कळण्याच्या पुऱ्या हव्यात हे मला माहीत आहे. माझ्याकडे पाव होता. माळकरी मावशींनी पावाचा तुकडा मोडला, भरताला लावला, खाल्ला आणि विचारलं, "पाव कुठल्या बेकरीतला?" बस. महिन्याचं वसूल.

बेकरीवरून एक कबुली. क्वार्टरमध्ये असताना दिवाळीआधी तू परातीत तळहाताने तूप फेसून नानकटाई वळायचीस, आणि मी आणि बाबा ती भट्टीवर भाजायला न्यायचो. रात्री उशिरापर्यंत ओळीत उभं राहून आपल्या नावाच्या चिठ्ठीचा ट्रे यायची वाट बघायचो. एका वर्षी तू चौऱ्याऐंशी मोजून दिल्यास आणि परत आल्या एक्याऐंशी. त्या बेकरीवाल्याला तू आजतागायत चोर म्हणतेस. आई, दोन मी खाल्ल्या. तिसरीचं बाबांना विचार.

या पत्रासोबत अर्धा केक पाठवतोय, डब्यात बटर पेपर आहे तो खायचा नाही. बाबा, साखर जास्त आहे, एका वेळी एकच फोड.

संक्रांतीनंतरच्या शनिवारची दोघांची तिकिटं काढतोय, खालचे बर्थ बघतो. नाशिकरोडला मी घ्यायला येतो. तीळगूळ सोडून आईने काही करून आणायचं नाही. इथे आल्यावर तिने खुर्चीत बसायचं आणि मी करताना मध्ये बोलायचं नाही. बोलली तर कांदा चिरायला देईन.

आणि माळ्यावर तो काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आहे ना, भंगारवाल्याला देऊ नका. वायर उंदरांनी खाल्ली असली तरी राहू दे. बाबांना सांगून पिशवीत भर.

तुमचा,
बंड्या