पायाची जखम आणि पाण्याची पाळी

हायडेलबर्ग, जर्मनी
दि. १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला तुमच्या पायाचा फोटो पाहिला. उसाच्या खोडव्यात फिरताना घोट्याजवळ धसकट लागले त्याला तीन आठवडे होऊन गेले, तरी जखमेची कड लालच आहे आणि मधला भाग ओलसर दिसतो. "लाली आहे म्हणजे रक्त फिरते आहे, येईल भरून," असे तुम्ही म्हणालात. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे नुसते अस्तर नव्हे. या पेशींच्या पोटात लांबट पुड्या तयारच असतात (वायबेल आणि पलाडे यांनी त्या १९६४ साली दाखवून दिल्या) आणि इजा होताच काही मिनिटांत त्यांतले पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते. रक्तासोबत वाहत जाणारी पांढरी पेशी त्याला अडखळते, भिंतीवरून गडगडत मंदावते, थांबते आणि मग अस्तराच्या दोन पेशींमधल्या सांध्यातून वाट काढत बाहेर जखमेकडे जाते. यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ साली बेडकाच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यात पांढऱ्या पेशी अशा बाहेर पडताना पाहिल्या होत्या.

ही झाली तातडीची सोय. पुढची तयारी पेशीच्या केंद्रकात होते. जंतूंचे अंश किंवा फुटलेल्या पेशींतला ऐवज लागला, की एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन, जे एरवी आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने बांधून ठेवलेले असते, ते सुटते आणि केंद्रकात जाऊन पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारी आणखी प्रथिने बनवायला लावते. मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की ते त्याच वेळी नवे आय-कप्पा-बीही बनवायला लावते. म्हणजे आपल्यालाच पुन्हा बांधायचा दोर ते स्वतः वळून ठेवते.

तुम्ही रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारे धरायला जायचात, ते आठवते. पाणी आले नाही तर ऊस वाळणार, आणि दार वेळेवर बंद केले नाही तर काय होते, हे नदीकाठच्या, जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनींनी वाळवा-मिरजेकडे सगळ्यांना दाखवले आहे. जखमेचेही तसेच आहे. काही मुलांच्या पांढऱ्या पेशींत भिंतीला घट्ट चिकटणारे प्रथिन जन्मतःच नसते. त्यांच्या जखमेत पू होत नाही, पण जखम भरतही नाही, आणि जन्मानंतर त्यांची नाळसुद्धा फार उशिरा गळून पडते. म्हणून लाली आणि सूज मुळातच वाईट नाही. ती वेळेत ओसरली पाहिजे, एवढेच.

तुमच्यासारख्या मधुमेहात नेमके ओसरणेच अडते. रक्तातली साखर दीर्घकाळ चढी राहिली की एंडोथेलियम रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू पुरेसा देत नाही आणि सदा सावध अवस्थेत राहते. पांढऱ्या पेशी येतच राहतात, त्यांची विकरे जंतूंबरोबर कोवळे ऊतकही खातात, आणि सफाई करणाऱ्या पेशींनी बांधकामाला लागायचे ते लागत नाहीत. नव्या केशवाहिन्याही नीट फुटत नाहीत. त्यात पायाची संवेदना कमी झालेली, म्हणून दुखत नाही. "दुखत नाही" हे तुम्ही चांगले लक्षण म्हणून सांगितलेत. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

इथे प्रयोगशाळेत मी नाळेच्या शिरेतल्या याच अस्तराच्या पेशी वाढवते. बाळंतपणानंतर आयांनी संमतीने दिलेल्या नाळा असतात त्या. (आई म्हणते माझी नाळ परसात पुरली आहे, इथे मी लोकांच्या नाळांवर पोट भरते.) बशीत पेशींचा अखंड थर झाला की पिपेटच्या टोकाने त्यात सरळ रेघ ओढायची आणि दर काही तासांनी फोटो काढायचा. काठावरच्या पेशी आधी लांबट होतात, पाय पुढे टाकल्यासारखे रिकाम्या जागेत सरकतात. साखर जास्त घातलेल्या बशीतली रेघ उशिरा बुजते. बशी म्हणजे पाय नव्हे, हे मला कळते. तरी परवा ती रेघ पाहताना तुमचा घोटाच डोळ्यांसमोर आला.

आता हळदीबद्दल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा मलाही अभिमान आहे. तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत एनएफ-कप्पा-बीला आवर घालते, हेही खरे आहे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे पोचते, आणि डब्यातली पूड निर्जंतुक नसते. आईला सांगा, हळद-तेल त्या जखमेत अजिबात भरू नये. ती रागावली तर माझ्यावर रागावू दे.

सोमवारी दादाबरोबर मिरजेला जाऊन पाय दाखवा. घोट्याजवळची नाडी आणि पायाचा रक्तपुरवठा तपासायला सांगा, साखरेचे तीन महिन्यांचे प्रमाणही काढून घ्या. अनवाणी शेतात जाऊ नका. ड्रेसिंग बदलताना दादाने दर वेळी त्याच खिडकीजवळ, जखमेशेजारी शाळेची फूटपट्टी धरून फोटो काढावा आणि मला पाठवावा. कड किती मिलिमीटर आत आली, ते मी इथे मोजून ठेवीन.

तुमची,
धाकटी