रविवार कारंजावरच्या चष्मेवाल्या काकांस

काका, सादर नमस्कार.

माझी मुलगी दहावीत आहे. तिचा नंबर तपासायला आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा तिने विचारलं होतं, "आभासी प्रतिमा पडद्यावर येतच नाही, मग ती दिसते कशी?" दुकानात गर्दी होती. तरी तुम्ही भिंगांची पेटी उघडलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

प्लस पाच नंबरचं, मध्ये फुगीर म्हणजे बहिर्वक्र भिंग; त्याचं नाभीय अंतर, म्हणजे दूरून आलेले किरण भिंगापासून जेवढ्या अंतरावर एकत्र येतात ते, २० सेंटिमीटर. ते तुम्ही आतल्या भिंतीवरच्या कागदासमोर तेवढ्याच अंतरावर धरलंत आणि रस्त्यावरच्या रिक्षा, माणसं कागदावर उलटी उमटली. मग अर्धं भिंग पुठ्ठ्याने झाकलंत. अर्धं चित्र जाईल, असं तिला वाटलं. चित्र सगळं राहिलं, नुसतं फिकं झालं! वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगभर पसरतात आणि पलीकडे पुन्हा एका बिंदूत येतात. आकृतीत दोनच किरण काढतात ते सोयीसाठी. हे मुलांना कुणीतरी असं दाखवायलाच हवं.

तेच भिंग पावतीपासून १० सेंटिमीटरवर धरल्यावर अक्षरं सुलट आणि दुप्पट दिसली. मायनस पाचच्या, मध्ये पातळ भिंगातून मात्र पावती कुठेही ठेवा, अक्षरं सुलट आणि लहानच. दोन्ही वेळा बाहेर पडणारे किरण फाकतात, कुठे भेटत नाहीत. मागे वाढवले तरच एका जागी मिळतात; तिथेच आभासी प्रतिमा दिसते. "त्यांना गोळा करतं तुझ्या डोळ्यातलं भिंग," तुम्ही म्हणालात. "तेही बहिर्वक्रच. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर, पडते ती वास्तव प्रतिमा." तिचा प्रश्न तिथेच सुटला.

पुढचं तिने घरी स्वतः मांडलं. तिचा नंबर मायनस दोन, नाभीय अंतर ५० सेंटिमीटर. आमच्या गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. चष्मा त्या डोंगराची छोटी, सुलट, आभासी प्रतिमा तिच्यापुढे अर्ध्या मीटरवर आणून ठेवतो, कारण चष्म्याशिवाय तिला तेवढ्याच अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं. इतकी वर्षं ती चष्मा लावते आहे, पण तो नक्की काय करतो हे तिला आत्ता कळलं. मलाही.

चष्मा डोळ्यांपासून वीतभर दूर धरून हलवायची तुमची युक्तीही ती सगळ्यांना दाखवते: दूरची वस्तू चष्म्याबरोबर सरकली तर मायनस, उलट सरकली तर प्लस. आजोबांचा वाचायचा चष्मा तिने असाच ओळखला.

आता प्लस पाच आणि मायनस पाच एकमेकांना चिकटवले की साध्या काचेसारखं का दिसतं, हे तिला तुमच्या पेटीवर करून बघायचंय. दुपारी गर्दी नसताना येऊ.

आपली कृतज्ञ,
एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक